परिशिष्ट सात

वरचं साल बदल, बाकी राहू दे तसंच,
म्हणाले पाटणकर साहेब.
आराखडा म्हणजे काय, वर्षाला एक नवं कव्हर.
मेचा दुसरा आठवडा. पंखा गरम वारा ढवळत होता.
टेबलावर भरती-ओहोटीचं कोष्टक
आणि ते उडू नये म्हणून त्यावर एक दगड,
कुठल्याशा जुन्या दरडीतला.
कोणी आणला, ऑफिसात कोणाला आठवत नाही.

मी परिशिष्ट सात उघडलं,
आपत्तीच्या वेळी संपर्क, एकशे बारा नावं,
आणि लावत सुटले फोन, पहिल्यापासून.

चार: हा क्रमांक अस्तित्वात नाही.
नऊ: मी पनवेलला असतो आता, मॅडम. तीन वर्षं झाली.
चौदा: निवारा केंद्र, पालिका शाळा, चावी आल्मेडा बाईंकडे.
आहे की चावी, म्हणाल्या आल्मेडा बाई,
येशूच्या तसबिरीखाली खिळ्याला.
शाळाच पाडली ना तुम्ही, गेल्याच्या गेल्या वर्षी.
एकवीस: जेसीबीवाला. काम आहे का आत्ता?
नाही, दरड आली तर.
मग आली की करा. हसला. चालू नंबर, बरोबरची खूण.

सदतीस: तुळाजी घाडी, स्वयंसेवक,
करंजटेकडी, वरची आळी, भांडुप.
रिंग वाजत राहिली. मग बाईमाणसाचा आवाज.
ते गेले, श्रावणात.
मी लाल पेन उचललं. गेलेल्या माणसावर आडवी रेघ मारतात,
आमच्याकडे तशी पद्धत आहे.
नंबर नका खोडू, म्हणाली ती,
जशी काही रेघ तिला ऐकू आली.
रिचार्ज मी मारते. रात्री उशाशी असतो.
शिट्टी आहे त्यांची. दोर पण आहे.

दुसऱ्या दिवशी टेकडी चढले.
दोनशे अकरा पायऱ्या, पैकी शेवटच्या चाळीस
आमच्या नकाशात नाहीत.
संरक्षक भिंत: सुस्तितीत.
पाच वर्षं हाच शेरा, हीच चूक टायपिंगची,
सुस्ती उतरवून घेतलेली सालोसाल.
भिंतीला पोट आलेलं, सातवा महिना असावा तसं.
पाणी निघायच्या नळ्यांत माती, गुटख्याच्या पुड्या, एक चेंडू.
आणि भेगेवर आडव्या गुलाबी रेघा.
लेकीचं नेलपॉलिश, म्हणाली रुक्मा घाडी,
दर अमावास्येला लावते. ही मार्चमधली.
तेव्हा करंगळी जात नव्हती आत.

मग सांगत गेली, बोट दाखवत, एकेक दार:
इथली म्हातारी चालत नाही, दोघं लागतात उचलायला.
इथला नाइट ड्यूटीचा, दिवसा मेल्यासारखा झोपतो,
दार नका वाजवू, पत्रा वाजवा.
अन्सारींकडे जुळी. ह्या घराला मागून या, कुत्रं चावतं.
तुम्ही हे कुठं लिहिता, बाई?
तक्त्यात रकाना नव्हता. मी कागद उलटा केला.

साहेबांनी पाठकोरा वाचला. दोनदा.
नमुना बदलता येत नाही, वरून परत येईल.
मग दगड उचलला, तळहातावर तोलला, जागच्या जागी ठेवला.
मी आणला होता हा, म्हणाले,
तेव्हा ज्युनिअर होतो.
कोष्टकाकडे बघत राहिले थोडा वेळ,
जुलैतली मोठी भरती कुठल्या वारी येते ते.
भिंतीचं पत्र वेगळं टाक. आजच.
आणि हे जोड मागे. परत आलं तर पुन्हा पाठवू.

सदतीसमध्ये नाव बदललं. नंबर तोच.
कव्हरवरचं साल अजून जुनंच आहे.
अडतीस लावला.
एंगेज.